मागच्या चाकातला आवाज

माझी सायकल घरी पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. मी आमच्या भांडुपच्या चढाच्या तळाशी असायचो, तेव्हाच तिसऱ्या मजल्यावर बायको चहाचं आधण ठेवायची. म्हणायची, "तुम्हाला मोबाईल कशाला हवाय? तुम्ही निघालात की मुलुंडपर्यंत कळतं."

सायकल साधी नव्हती. जुन्या सायकलच्या मागच्या चाकात मी स्वतः मोटर बसवली होती. चाकाच्या मधोमध बसते ती, लाडवाच्या डब्याएवढी. हब मोटर म्हणतात तिला. बॅटरी चाकाच्या उजव्या अंगाला, प्लायवूडच्या पेटीत, दूधवाला किटली अडकवतो तशी. पेटी घरी बनवलेली आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. माप चुकल्यामुळे ती बॅटरीपेक्षा बरीच मोठी झाली, तर उरलेल्या जागेत मी चिंध्या कोंबल्या आणि झाकण स्क्रूने कायमचं बंद केलं. विजेचं माझं शिक्षण फ्यूज बदलण्यापर्यंतचं. पण पन्नाशी आली की कुणाला देव आठवतो, कुणाला हत्यारं. मला हत्यारं आठवली.

हा सगळा उद्योग आईसाठी. आई मालवणी. मासे स्वतःच्या बोटाने दाबून घेतल्याशिवाय तिला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. पण गुडघ्यांनी बाजार लांब नेऊन ठेवला, आणि एवढ्याशा अंतराला रिक्षावाला मान हलवतो ती आडवीच. म्हणून कॅरियरवर गादी, पायांना पट्टी आणि चाकात मोटर. आई एवढीशी, की मागे बसली तरी सायकलला पत्ता लागत नाही. दसऱ्याला तिने सायकलची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, वर गावच्या देवाला लांबलचक गाऱ्हाणं. आणि पुढच्या रविवारी पिशवी मांडीवर घेऊन माझ्यामागे बसून बाजारात गेली. सगळा हिवाळा आम्ही असे गेलो.

उन्हाळ्यात आवाज सुरू झाला. आधी नुसती कुरकुर. मग मूठ पिळून मोटर चालू केली रे केली की मागून खडखड, खडखड, झोपेत कुणी दात खावेत तशी. आई दोन रविवार गप्प बसली. तिसऱ्या रविवारी उतरली ती उतरलीच.

"मी बसूचंय नाय. सगळी लोकां खिडकेत येतत. माझ्या लग्नात पण इतकी वाजाप नव्हती!"

मग मासे मी आणू लागलो. कोळणी मला लांबून ओळखायच्या. सायकलमुळे नव्हे, चेहऱ्यामुळे. ह्याला काहीही खपतं, असा माझा चेहरा आहे. घरी आल्यावर आई पिशवीत एकदाच बघायची.

"ह्यो सरंगो तुका कोणी दिल्यान?"

"ताजा आहे म्हणाली."

"ताजोच होतो, झिला. तुझ्या मुंजीक."

हसण्यावारी चाललं होतं ते जूनपर्यंत. एका दुपारी ती खिडकीत बसल्या बसल्या म्हणाली, "औंदा गणपतीक गावाक जातलंय, ती थंयच रवतलंय. हय माझा काय असा? टीव्ही नि खिडकी. थंय मासे दारात येतत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. गावचं घर वर्षभर बंद असतं, शेजारच्या घरालाही कुलूप. या गुडघ्यांनी आई तिथे एकटी? पण आई धमकी देत नाही. ती फक्त बातमी सांगते. म्हणजे गणपतीच्या आत आवाज जायला हवा होता, नाहीतर आई जाणार होती.

श्रावण लागला. घरात मासे बंद, म्हणजे मला महिन्याची मुदत मिळाली. पहिला तपास दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने केला. तो विमा विकतो, त्यामुळे कशाचं काय होऊ शकतं हे त्याला पाठ असतं. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"बेअरिंगची वाट लागलीय रे."

"चाक फिरत नाहीये अजून."

"तरी पण ऐकू येतंय यार."

बेअरिंग बदललं. आवाज तिथेच. मग चाकाच्या तारा आवळल्या, मडगार्डचे नट आवळले, जे जे आवळता येईल ते आवळलं. शेवटी सायकल हॉलमध्ये घेतली. उलटी करता यावी म्हणून बॅटरीची पेटी हुकावरून काढून बाजूच्या स्टुलावर ठेवली, तिथून वायर ओढली आणि मोटर चालू केली.

चाक फिरलं. आवाज नाही. पंख्याचा जास्त होता.

"बघा," बायको म्हणाली, "डॉक्टरकडे आल्यावर कसं बरं वाटतं माणसाला."

सायकल सुलटी केली, पेटी अडकवली, रस्त्यावर नेली. खडखड. परत वर आणून उलटी केली. शांत. परत खाली. खडखड. लिफ्टमध्ये मी आणि सायकल दोघं उभे राहून जायचो, आणि शेजारीपाजारी "पुढच्या वेळी येतो" म्हणून बाहेरच थांबायचे. शेवटी व्हिडिओ बघून मी निदान केलं, की वजन आल्यावरच वाजतं, म्हणजे मोटरीच्या आतली चाकं झिजली. मोटर उघडली. आत तीन पांढरी नायलॉनची दातेरी चाकं, अगदी नवीकोरी. तरी बदलली. ग्रीस भरलं. त्यातलं थोडं मोटरीत गेलं. बाकीचं सोफ्यावर, दाराच्या मुठीवर आणि बायकोच्या चष्म्यावर सापडलं.

"हा आवाज तुमच्या गुडघ्यांचा तर नाही ना?" तिने चष्मा पुसत विचारलं. "आईंचेच आहेत शेवटी."

मी एक दिवस लक्ष देऊन जिना उतरून पाहिला. नव्हता.

आई हे सगळं खिडकीतून बघायची. गावी न्यायच्या पिशवीत एकेक साडी वाढत होती. हिवाळ्यातल्यासुद्धा.

श्रावण संपला. गावची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची. मी ऑफिसातून सुटी टाकली आणि शेवटचा उपाय म्हणून बॅटरीच बदलून बघावी, असं ठरवलं. त्या बॅटरीचा काय संबंध, असं मला विचारू नका. शेजाऱ्याकडे त्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरची एक होती, माझ्या मोटरीला चालणारी. ती मुलीच्या जुन्या दप्तरात घालून पाठीला अडकवली. माझी पेटी घरीच राहिली. चढ उतरलो, चढ चढलो, मूठ पूर्ण पिळली.

काहीच नाही. चाकाखालचा खडासुद्धा ऐकू येत होता.

धावत वर गेलो, पेटी उचलून हलवली. आतून आवाज आला, खुळ्ळ. झाकणाचे स्क्रू काढले, चिंध्या उपसल्या. तळाशी लाल फडक्यात बांधलेला शेंडीवाला नारळ. कानाशी धरून हलवला. आतलं खोबरं सुकून, करवंटीपासून सुटून गोटा झाला होता, आणि मोटरीच्या थरथरीने तो आत नाचत होता.

"तेका हात लावू नको!" आई मागून ओरडली. "देवाचो नारळ असा तो!"

"तू ठेवलास?"

"दसऱ्याक, तू झाकण लावच्या आदी. पेटयेत जागा होती. तुझ्याच चिंध्यांखाली ठेवलंय. गाऱ्हाणा घातलंय, बाबा म्हाराजा, हेका हत्यारा चालवूक येणत नाय, गाडी मोडान माणूस मोडूक नको."

"अगं, पण हाच वाजत होता! मी मोटर खोलली!"

"माका काय ठावक? ओलो होतो तेव्हा वाजत नव्हतो." मग नारळ माझ्या हातातून घेत, "आणि मोटर खोललंस तरी काय मोडला? काय नाय. देवाक काम केल्याशिवाय रवता?"

बायको आत जाऊन हसून आली.

आईने देवासमोर दुसरं गाऱ्हाणं घातलं, पहिल्यापेक्षा लांब, बहुतेक सगळी चूक माझ्या नावावर. नारळ फोडला. गोटा वासाला चांगला, तेलकट, गोड निघाला. एक तुकडा शेजाऱ्यालाही गेला. पेटीत नवा ओला नारळ बसला. तो सुकायच्या आत बदलायचा, असं ठरलं. माझ्या सायकलचं सर्व्हिसिंग तेवढंच.

"मग?" मी किल्ली हातात घेऊन विचारलं. आईने पिशवीकडे बघितलं, गावच्या नव्हे, बाजारच्या, आणि पदर खोचला.

श्रावण संपून गणपती यायच्या मधल्या त्या दिवसांत भांडुपमधलं अख्खं मालवण बाजारात उतरलेलं असतं. आम्ही गर्दीच्या मागे पोचलो आणि तिथेच अडकलो. सायकल इतकी गुपचूप आली होती की कुणी वळूनसुद्धा बघेना. मी घंटी मारली, "जरा बाजूला" म्हटलं, माझ्याच तोंडात. आणि माझ्या कानाच्या मागे, फुटभरावर, आवाज फुटला.

"अगो बाय, बाजूक हो गो! ओ भाऊ, आडवे काय उभे रवलास! सरा, सरा!"

मोटरीची खडखड याच्यापुढे काहीच नव्हती. दुकानांतून डोकी बाहेर आली, वरच्या खिडक्या उघडल्या. लाजेने माझा जीव जायची वेळ आली. आईला मात्र त्याचं काही नव्हतं. गर्दी दुभंगली आणि आम्ही थेट तिच्या नेहमीच्या कोळणीसमोर जाऊन थांबलो.

"काय गो मावशी, कुठं होतीस इतके दिवस?"

"गाडी बिघडलेली ह्याची," आई म्हणाली. तिने बसल्या जागेवरून वाकून एक सुरमई दाबली, नाक मुरडलं, दुसरी दाबली. "ही दी. आणि उद्या गावाक जातंय, गणपती झाले की येतंय. तवर चांगलो सरंगो बघून ठेव. ह्येच्या हातात देऊ नको हां, मी येतंय."