डाव्या कानात मी, उजव्या कानात ती

माझी थोरली जाऊ आणि मी, आम्ही दोघी मिळून लग्नात धवले गातो. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत जिथं जिथं आमची सोयरीक आहे, तिथून हळदीला आणि मांडवाला आम्हाला बोलावणं येतं. धवला एकटीनं गायचा नसतो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं ती झेलून पुरी करायची. उचलते ती मुख्य धवलारीण आणि झेलते ती तिची जोडीदारीण. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून जाऊ उचलते आणि मी झेलते. बोलावणं तिला असतं, मी पिशवीसारखी सोबत जाते.

हे मला सलतं. उगाच गोडगोड लिहून काय करू? अंगणवाडीत मी बाई आहे, गावातल्या सुना मला विचारून पोरांना भरवतात, पण मांडवात बसले की मी दुसरी. "काय आवाज लागला गो बाय" असं कुणी म्हणालं की म्हणणारीचं तोंड जाऊकडे असतं. मी शेजारीच बसलेली असते, हसते, आणि पोटात दुखायचं ते दुखतंच.

त्यात गेल्या हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, तिकडे मुरबाडच्या बाजूला, म्हसा गावची जत्रा झाल्यावर. नणंदेची ती एकुलती एक. लहानपणी सुट्टीला आली की माझ्याच कडेवर असायची. मी मनाशी पक्कं केलं, की दुसरीकडे कुठं नाही तर नाही, पण या पोरीच्या हळदीला धवला मी उचलणार. बोलले मात्र कुणाला नाही. जाऊ आपणहून विचारेल म्हणून वाट बघत बसले. ती कशाला विचारते!

माझी लेक ठाण्याला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते. हे लग्न ठरायच्या आधी गावातल्या एका लग्नात तिनं आमचे धवले रेकॉर्ड केले होते. जाऊपुढे एक माइक आणि माझ्यापुढे एक. मग सुट्टी टाकून ती घरी आली, ते रेकॉर्डिंग नीट करायला, आणि येताना एक छोटी डबी घेऊन आली. डबीत कानात घालायचे इअरफोन. साधे मोबाइलचे नव्हेत, चिंचोक्याएवढे जाड आणि मऊ काळ्या वायरीचे. किंमत विचारली की ती विषय बदलायची, तेव्हाच मी काय ते समजले.

आमची घरं वेगळी असली तरी अंगण एकच आहे. इअरफोन आल्याचं कळताच जाऊ हात पुसत ओटीवर हजर. लेक म्हणाली, "मोठी आई, तू आधी ऐक." आधी ती. म्हटलं ना, सगळीकडे हेच.

जाऊ आपली मान वाकवून बसली, वेणी घालून घ्यायला बसावं तशी. लेकीनं तिचा कान वरून धरून जरासा मागं ओढला, इअरफोन आत सरकवून थोडा फिरवला आणि वायर कानामागून घेतली. दुसऱ्या कानाला तसंच. मग गाणं लावलं. जाऊनं डोळे मिटले आणि तिचा चेहराच बदलला.

"माज्या बांगड्या वाजतात इथं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "कोंबडी वरडतेय मागं. आणि कोणतरी इचारतंय, च्या झाला का."

माझी पाळी आली तेव्हा लेक कानाला हात लावायला गेली. मी तिचा हात बाजूला केला. "मला येतं, राहू दे." मोबाइलचे घालतात तसे मी ते कानात खोचले आणि वायरी गळ्यावर सोडल्या. गाणं लागलं. चार घरं सोडून कुणाकडे तरी रेडिओ चालू असावा तसं. ना बांगड्या, ना कोंबडी. आमच्या दोघींचे आवाज चिपाडासारखे कोरडे, आणि त्यावरून अंगणातली खरी पोरं बोंबलतायत ती वेगळीच.

"कसं वाटलं?" जाऊनं विचारलं.

"मस्त," मी म्हटलं.

"कोंबडी ऐकलीस?"

"हो तर."

लेक माझ्याकडे बघत होती. संध्याकाळी भाकऱ्या करताना हळूच म्हणाली, "आई, कोंबडी सुरुवातीला आहे. तुला मी मधूनच लावून दिलं होतं." मी भाकरी उलटली.

माझ्या जिवाचा जळफळाट झाला. देवानं गळा दिला तो दिला, वर कानही तिचेच चांगले? ते मेलं यंत्र, त्यालासुद्धा तीच आवडावी? त्या आठवड्यात जाऊ रोज चहाचा कप घेऊन ओटीवर यायची, इअरफोन लावून घ्यायची आणि डोळे मिटून हसत बसायची. मी आतून भांडी आपटायचे.

ती वालाच्या वावरात गेली की मी डबी उघडायचे. डबीत रबराच्या टोप्या होत्या, लहान, मधल्या आणि मोठ्या. मी मोठ्या लावल्या, कान दुखला. लहान लावल्या तर खाली वाकताच बाहेर पडल्या. मग आवाज वाढवला, पार शेवटपर्यंत. त्यानं गाणं मोठं झालं, चांगलं झालं नाही. डोकं मात्र ठणकायला लागलं. शेवटी लेकीनंच पकडलं मला. हसली नाही हे तिचे उपकार. "ये, बस," म्हणाली.

तिनं मोबाइलच्या उजेडात कानात बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. कानातून एवढा मळ निघाला की मला त्या डॉक्टरपुढे मान वर करवेना. घरी येऊन लेकीनं इअरफोनची जाळीही पुसली, कारण माझ्या खोचाखोचीनं तिथंही तेच भरलं होतं. मग तिनं मला समजावलं. इअरफोनचं तोंड आणि कानाचं भोक यांच्यात फट राहिली की आवाजाचा सगळा भरीव भाग त्या फटीतून निघून जातो, उरतो तो पत्र्यासारखा. मग आवाज कितीही वाढव, उपयोग नाही. फट बुजली पाहिजे, आणि ती दाबून बुजत नाही, मापानं बुजते. "आणि दोन्ही कान एका मापाचे नसतात, आई. उजवा तुझा बारीक आहे."

म्हणून उजव्याला लहान टोपी आणि डाव्याला मधली. तीही रबराची नाही, स्पंजासारख्या फोमची. ती बोटांत दाबून वातीसारखी बारीक करायची, कान वर ओढून आत घालायची आणि फुगेपर्यंत बोट तसंच धरून ठेवायचं. तोंड थोडं उघडं ठेवलं की आणखी नीट बसते. राहिली वायर. मी म्हटलं, ती खालीच बरी. लेक म्हणाली, "खाली सोडलीस की तिच्या वजनानं इअरफोन ओढला जातो. लग्नात तू कानात वेल घालतेस ना? ती साखळी कानावरून केसांत कशी नेतेस? तश्शीच ही."

असं सांगितल्यावर मात्र माझ्या हातांना ते लगेच कळलं. कानातली कुडी तशीच राहू दिली, वायर कानावरून मागं घेतली, आणि एकदम अंगण बंद झालं. पोरं पळत होती, पण मुक्यानं. मी "हं" म्हटलं, तर ते माझ्याच डोक्यात घुमलं. लेकीनं आवाज अगदी बारीक ठेवला आणि गाणं लावलं.

आधी कोंबडी आली. मग बांगड्या. मग डावीकडून मी आणि उजवीकडून ती. लेकीनं दोन माइक दोन बाजूंना ठेवले होते, म्हणून आम्ही दोघी एकमेकींपासून सुटून बसलो होतो. माझा आवाज एकटा असा मी जन्मात ऐकला नव्हता. खालच्या पट्टीत तो चांगला होता. चांगला कशाला, गोड होता. मला वाटलं, ही कोण बाई? पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला माझा आवाज पुरता मोकळा झाला, आणि नेमकं तिथंच उजव्या कानात जाऊनं एक छोटा श्वास घेतला आणि पुढची ओळ जराशी वर नेऊन उचलली. मी कशीबशी झेलली. पुढची तिनं आणखी वर नेली. डाव्या कानात माझा गळा ताणला, मग चिरकला. उजवीकडे ती एकटी राहिली, खणखणीत.

मी लेकीला परत लावायला सांगितलं. मग दुसरा धवला, मग तिसरा. प्रत्येकात तेच. माझा आवाज लागला की तिचा तो छोटा श्वास, आणि मग वर. मांडवातल्या गलक्यात हे कधी कळलंच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की माझाच गळा कच्चा. त्यासाठी ज्येष्ठमध चघळला, आंबट खायचं सोडलं.

जाऊ संध्याकाळी वालाच्या शेंगा घेऊन आली. मी तिला बस म्हटलं आणि माझ्या हातानं तिच्या कानात इअरफोन घातले. "हितं ऐक," म्हटलं आणि ती जागा लावली. तिनं ऐकलं. डोळे उघडले. पुन्हा लाव म्हणून हातानं खूण केली, पुन्हा ऐकलं. मग इअरफोन काढून पदराला पुसले.

"तुला आता कळला होय?" ती म्हणाली.

"म्हणजे मुद्दाम करतेस?"

"मंग काय, एवढी वर्षं चुकून व्हईल?" तिनं एक शेंग सोलली. "तू नवीन आलीस तवा न्हाणीत गायचीस. मामंजी हातातला काम सोडून ऐकत ऱ्हायचे. माज्यासाठी त्या घरात कोण थांबला नाय गो. खाली तुजा आवाज मधासारका लागतो. तसाच गाऊ दिला असता तर मना कोणी बोलावला असता? वर नेला की तुजा फाटतो. मंग माजाच ऱ्हातो."

मला राग यायला हवा होता. आला, पण नंतर. आधी अंगभर गुदगुल्या झाल्या. जिच्यावर मी जन्मभर जळले ती माझ्यावर जळत होती, तेही मी तिच्यावर जळायला लागायच्या आधीपासून. मीही शेंगा सोलायला घेतल्या.

उठताना ती म्हणाली, "नणंदेकडं तूच उचल. माजा दम पण आता पुरत नाय."

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला आम्ही दोघी मांडवात बसलो. नवरीला पाटावर आणलं आणि मी धवला उचलला. खाली, माझ्या पट्टीत, कानात ऐकला होता तसाच. बायका बोलायच्या थांबल्या. नणंद डोळे पुसायला लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या पोटदुखीवर जणू कुणी ऊन ऊन शेक दिला.

जाऊ झेलत होती. मी कधी तिला झेलताना ऐकलंच नव्हतं. ती माझी ओळ अशी अलगद घ्यायची आणि अशी हळू खाली ठेवायची की ओळ माझी न राहता तिचीच व्हायची. दुसऱ्या कडव्याला बायका तिच्याकडे बघायला लागल्या. तिसऱ्याला नवऱ्याकडची एक म्हातारी पुढे सरकली, जाऊच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काय ग्वाड झेलतेस गो बाय."

उचलत मी होते आणि हात तिच्या गुडघ्यावर. माझ्या कानशिलात जाळ झाला. मी एक छोटा श्वास घेतला आणि पुढची ओळ वर नेली.

तिनं झेलली. मी आणखी वर नेली. शेजारी तिचा दम लागल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, आता त्याला कुठल्या इअरफोनची गरज नव्हती. तिचा आवाज चिरकला. मी खाली आले नाही. म्हातारीनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या बायकांनीही.

हळद लागल्यावर आम्ही मांडवाच्या मागं पाणी प्यायला गेलो. जाऊ खांबाला टेकून बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"किती वर नेलास गो," ती म्हणाली.

"आपोआप गेला," मी म्हटलं.

"हा," ती म्हणाली. "माजा पण आपोआपच जायचा." आणि तिनं तांब्या माझ्याकडे सरकवला.