जुनी दिसायला हवी अशी माळ

“ताई, माळ चांगली हाय. पण नवी दिसते,” काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. “मला जुनी दिसणारी पायजेल. तीस वर्षं कुणाच्या तरी गळ्यात असल्यासारखी.”

भिवंडीच्या बाजारातल्या एका सराफाकडे मी तेव्हा मोत्यांचा काउंटर सांभाळत होते. मोती निवडणं, ओवणं, तुटलेली माळ दुरुस्त करणं, सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईक जुनी माळ घेऊन यायचं आणि ‘नव्यासारखी करून द्या’ म्हणायचं. नव्याची जुनी करून मागणारा हा पहिलाच.

माणूस चाळिशीचा, दिघाशीचा शेतकरी. नाव जनार्दन. थोडी जमीन गोदामवाल्यांना गेली होती, त्यामुळे हातात गाडीची किल्ली होती, पण पायात अजून रबरी चप्पल. मी म्हटलं, “दादा, भेट द्यायची आहे ना? मग नवी चमकदार द्या. जुनी कशाला?”

तो मागे बसलेल्या दुकानाच्या शेठकडे बघून आवाज खाली आणून बोलला, “भाचीचं लगीन हाय. अंबाडीला माझी थोरली बहीण, कुंदाताई, तिची मुलगी. ती लहानपणापासून ऐकत आलीय की आजीची मोत्यांची माळ मामाकडं हाय. आता लग्नात घालायला मागते.”

“मग द्या ना ती.”

“न्हाय ती. बापानं कवाच विकली. मरताना मला सांगितलं आन् शपथ घातली, कुंदाला सांगू नको म्हणून. ताईला वाटतं, माळ माझ्या कपाटात हाय.”

मला हे काम नको होतं. पण शेठ मागून म्हणाले, “सुलभाताई, करून द्या. घरची गोष्ट आहे. फसवतोय थोडाच?”

फसवतच होतो. पण मी वही उघडली आणि विचारलं, “माळ कशी होती?”

त्याला फारसं आठवत नव्हतं. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा. एकच सांगितलं, की ती माळ आईच्या वडिलांनी आणली होती. ते खाडीकडचे, मालाच्या गलबतावर तांडेल होते, आखातापर्यंत जायचे. मोती बारीक होते, दुधावरच्या सायीसारख्या रंगाचे.

म्हणजे बसऱ्याचे. हे थोडं सांगायला हवं. हल्ली दुकानात मिळतो तो बहुतेक कल्चर मोती. शिंपल्यात माणसाने काहीतरी घालून तो वाढवलेला असतो. तो खोटा नव्हे, पण मुद्दाम पिकवलेला. बसऱ्याचा मोती आपोआप तयार झालेला. तो पूर्ण गोल क्वचितच असतो. रंग पिवळसर, आणि चकाकी वरून मारल्यासारखी नसते, आतून आल्यासारखी दिसते. त्याला आम्ही मोत्याचं पाणी म्हणतो. मोती दातावर घासला तर खरा किंचित खरखरतो, काचेचा सुळकन सरकतो. आयग्लास डोळ्याला लावून भोकात बघितलं की आतले थर कळतात. भेट द्यायला माळ निवडताना लोक आकार बघतात. मी आधी पाणी बघते, मग वरची साल, मग एकाला एक मोती जुळतो का ते, आणि शेवटी भोक. भोकाशी मोती खोटं बोलू शकत नाही.

बसऱ्याचे मोती तेव्हाही नव्याने मिळत नव्हते. मुंबईच्या दोन दलालांना विचारलं. एकाने चक्क हसून फोन ठेवला. तेव्हा शेठना आठवलं, “माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या वेळची एक डबी आहे. मोडीत आलेले मोती. बघा, काही कामाचे असतील तर.”

पत्र्याची गोल डबी होती. गंजलेलं झाकण मी स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं. आत पिवळ्या कापसात बारीक मोती होते, चाळीसेक. मी चिमटा बाजूला ठेवून हातावर ओतले आणि दचकले. मोती हाताला नेहमी आधी गार लागतो, मग हळूहळू अंगाची ऊब घेतो. हे गरम होते. नुकतेच कुणी गळ्यातून काढून दिल्यासारखे.

“तिजोरीत बल्ब आहे का?” मी विचारलं.

“तिजोरीत कशाला बल्ब?” शेठ म्हणाले.

मी तो विषय तिथेच सोडला. एकेक मोती दोनदा आयग्लासखाली घातला. साल स्वच्छ, पाणी उत्तम. ओरखडा असलेले चार मी वेगळे काढले. उरलेले कमी पडत होते म्हणून सायीच्या रंगाचे कल्चर मोती जुळवून घेतले.

ओवायचं काम मी घरी करायचे, नारपोलीला. आमच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. लूम चालू असले की आमची भांडीसुद्धा मांडणीवर किणकिणतात. मोत्यांच्या ट्रेला मी फ्लॅनेल लावायचे, तरी मोती थरथरत राहायचे. त्याची सवय झाली होती. त्या दिवशी दुपारी लोडशेडिंग झालं. लूम एकदम गप्प झाले. नवरा लूमवर मास्टर, तो शिफ्टला गेलेला. मुलगी शाळेत. मी खिडकीशी बसून बारीक मोती दोन्ही टोकांना, मोठे मधल्या भागात, अशी रांग लावत होते.

ट्रेमध्ये एक मोती हलला.

बाकीचे स्थिर होते. तो रांगेतून बाहेर आला, फ्लॅनेलवरून सावकाश सरकला आणि माझ्या डाव्या हाताच्या बोटाला येऊन टेकला. मी ट्रे बघितला, सपाट होता. पंखा बंद. जमिनीवर हात ठेवला, थरथर नव्हती. मोती उचलून रांगेत ठेवला. थोड्या वेळाने तोच पुन्हा आला. मी ट्रे झाकला आणि शेजारच्या खालाकडे जाऊन बसले, लूम चालू होईपर्यंत. खाला म्हणाली, “क्या हुआ, बुखार है क्या?” मी म्हटलं, उकडतंय. डिसेंबर होता.

माळ ओवून झाली. दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारतात, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मोती सांडत नाहीत आणि एकमेकांना घासत नाहीत. रेशमी दोरा मी आधी चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करून घेतला होता. माळ मागे अडकवायचा फासा जुन्या घडणीचा लावला. तरीही माळ नवीच दिसत होती. शेठ म्हणाले, “अंगावर राहिली की मोती बोलतो. चाळीस दिवस घाला तुम्ही.”

त्यात खोटं काही नाही. अंगाच्या तेलाने दोरा आणि मोती दोन्ही मुरतात. लग्नाला दोन महिने होते. मी माळ घातली.

आठवडाभरात नवरा म्हणाला, “मान का वाकडी धरतेस?”

मी आरशात बघितलं. डोकं डाव्या खांद्याकडे झुकलं होतं. सरळ केलं, राहिलं. जरा दुसऱ्या कामात लक्ष गेलं की पुन्हा तिकडेच. दुखत नव्हतं. मला वाटलं, माळ एका बाजूला जड झाली असेल. दुकानात उकलून दोन्ही बाजूंचे मोती काट्यावर टाकले. वजन सारखं होतं. पुन्हा जशीच्या तशी ओवली. शेठसुद्धा चेष्टा करायला लागले, “ताई, फोन खांद्यावर धरून बोलता का?” डॉक्टरांनी बाम दिला.

महिना झाला असेल. जनार्दन माळ कुठवर आली ते बघायला आला. मी काउंटरवर पाठमोरी होते, पेटीत काहीतरी शोधत. पायरीवर चप्पल काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. वळून बघितलं तर तो तिथेच उभा. तोंडाचा रंग उडालेला.

“ताई,” तो म्हणाला, “मान सरळ करा ना.”

“काय झालं?”

“सरळ करा आधी.”

मी केली. तो आत येऊन स्टुलावर बसला. पाणी मागितलं. ते पिऊन म्हणाला, “आईच्या मानेवर भाजल्याचा वण होता. कातडी ओढलेली. ती अशीच मान टाकायची, डाव्या बाजूला. मला आईचं तोंड आठवत न्हाय. एवढंच आठवतं.”

मी तेव्हाच माळ काढून ठेवली. चाळीस दिवस पुरे व्हायला दहा बाकी होते.

लग्नाच्या आठ दिवस आधी माळेची लांबी बघायला अंबाडीला जावं लागलं. भाची हळदीच्या खरेदीला गेली होती, म्हणून तिच्या आईच्या गळ्यावर बघू असं ठरलं. कुंदाताई अंगणात पापड वाळत घालत होत्या. दणकट बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. जनार्दनने माळ कागदातून काढून त्यांच्या हातात दिली आणि “आईची, घे” एवढं म्हणून गाडीकडे निघून गेला. बहिणीच्या डोळ्यांत बघायची हिंमत त्याला झाली नाही.

बाईंनी माळ बघितलीच नाही. डोळे मिटले, फासा चिमटीत धरला आणि अंगठ्याने मोती मोजत गेल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्यावर थांबल्या.

“हा,” त्या म्हणाल्या. “हा माझा चावलेला.”

मी पिशवीतून आयग्लास काढला. पाचव्या मोत्याच्या भोकाजवळ दोन बारीक ओरखडे होते. शेजारी शेजारी, दातांसारखे. ओवायच्या आधी तो मोती मी दोनदा बघितला होता. दीड महिन्यापूर्वी माळ उकलली तेव्हा तिसऱ्यांदा. ओरखडा असलेले मोती मी वेगळेच काढले होते. माझ्याकडून चूक झाली असं मी आजही म्हणू शकते, आणि लोकांना तसंच सांगते. पण माझी चूक कशी होते ते मला माहीत आहे, आणि ती अशी होत नाही.

“आई मला पाठुंगळी घेऊन शेतावर जायची,” बाई म्हणाल्या. “तोंडाशी ह्योच यायचा, फाशापासला. चावत बसायची मी. आई ओरडायची.”

मला राहवलं नाही. “बाई, ही माळ...”

“ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “ती माळ विकली बापानं. मी संगट होती. नऊ वर्षांची होती. माझ्याच गळ्यात, झग्याच्या आत घालून नेली होती बाजारात, वाटेत कुणी हिसकावू नये म्हणून. तिथं काढून दिली.”

मी गाडीकडे बघितलं. जनार्दन पाठ करून उभा होता.

“मग भाऊ म्हणाले, तुम्हाला माहीत नाही...”

“त्याला सांगायचं कसं? ती त्याच्यासाठीच विकली. आई गेली त्याच साली जन्याला मोठं दुखणं आलं. रोज सुई लागायची. बाप म्हणाला, पोराला कधी कळू देऊ नको, आयुष्यभर मनाला खाईल. पोरगी आजीची माळ मागायची तवा मी म्हणायची, मामाकडं हाय. दुसरं काय सांगणार? मला काय ठाव, ती खरंच त्याच्याकडं मागेल.”

बापाने दोघांना वेगवेगळी शपथ घातली होती. जनार्दनला विकल्याचं सांगितलं, कशासाठी ते नाही; ते बहिणीकडून कळू नये म्हणूनच तिच्याशी बोलायला बंदी केली असावी. बाप गेल्यापासून दोघंही एकमेकांना जपत होते, एकाच माळेवरून.

“कुठल्या दुकानात विकली, आठवतं?” मी विचारलं.

“तीन पायऱ्या होत्या. निळं दार. आत पिंजऱ्यात पोपट.”

आमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. दाराच्या जागी शटर होतं. परत गेल्यावर शेठना विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “पोपट बाबूजींचा होता. दार निळंच होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?”

म्हणजे डबीतले मोती कुठून आले ते कळलं. त्यात भुताटकी नाही. तालुक्यात बसऱ्याच्या माळा होत्याच किती, आणि मोडीत येणार त्या बाजारातच. लहान मोती फाशाकडे लावतात, म्हणून तो मोती पुन्हा तिकडे गेला, हेही समजू शकतं. बाकीच्याचा हिशेब मी लावत नाही.

त्या दिवशी अंगणात मात्र अजून एक गोष्ट उरली होती. मी म्हटलं, “बाई, मी परकी आहे. पण तुमचा भाऊ दोन महिने झोपलेला नाही. तो तुम्हाला फसवतोय असं त्याला वाटतंय.”

त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. मग हाक मारली, “जन्या, इकडं ये.” तो आला. त्यांनी त्याला खाली बसवलं, आपल्या शेजारी, आणि सांगायला सुरुवात केली. मी उठून रस्त्यावर आले आणि वाडा गावाकडून येणाऱ्या एसटीची वाट बघत उभी राहिले. मागून आधी एकट्या बाईंचा आवाज येत होता. मग त्याच्या रडण्याचा. मग दोघांचा.

लग्नात भाचीने ती माळ घातली. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही. जनार्दन नंतर दुकानात पेढे घेऊन आला, तेव्हा बरा दिसत होता. फोटो दाखवू लागला. मी चष्मा घरी राहिलाय असं सांगितलं. फोटोत नवरीची मान कशी आहे ते मला बघायचं नव्हतं.

माझी मान उन्हाळ्यापर्यंत सरळ झाली.

भेट म्हणून मोती घ्यायला आलेल्यांना मी आजही पाणी, साल, जोड, भोक हे सगळं समजावते. दोन नियम मात्र पाळते. गिऱ्हाईकाची माळ स्वतःच्या गळ्यात घालत नाही. आणि कुणी नवी माळ जुनी करून मागितली, तर आधी विचारते की ही गोष्ट घरात कुणाकुणापासून लपवायची आहे. बहुतेक वेळा गिऱ्हाईक नवीच माळ घेऊन जातं.