बिस्किटची शिडी

प्रतापराव निमकरांसमोर हल्ली कुणी होड्यांचा विषय काढला, की ते चहाच्या कपात काहीतरी पडल्यासारखं खाली बघत बसतात. हे तेच प्रतापराव, ज्यांनी गेल्या डिसेंबरात फ्रिस्कोमधल्या निम्म्या मराठी घरांत, कुणी विचारो न विचारो, सपाट तळाची होडी वेग घेताना पाण्यावर कशी उचलली जाते, हे उपम्याच्या बशीवर चमचा आडवा धरून समजावलं होतं.

प्रतापरावांनी बत्तीस वर्षं पंपांची डिझाइनं केली. पाणी आपलं ऐकतं, असा त्यांचा समज होता. ऐकत नव्हती ती माणसं. त्यातही एक माणूस खास: डेल, त्यांचा व्याही.

त्यांच्या मुलाचं, अथर्वचं, केलीशी लग्न झालं, तेव्हा प्रतापराव मनातून वरपिता म्हणून सजून गेले होते. मानपान नको, असं ते सगळ्यांना सांगत होते, याचा अर्थ थोडासा तरी हवा होता. केलीच्या वडिलांनी पुढे येऊन हात दाबला आणि विचारलं, "ब्रिस्केट खाणार?" प्रतापराव शाकाहारी. त्यांच्या वाट्याला बटाट्याचं सॅलड आलं आणि मान तिथेच संपला. त्यानंतरच्या तीन वर्षांत डेलने त्यांना पोटभर खायला घातलं, बैठ्या खुर्चीवर बसवलं, पण एकाही गोष्टीत त्यांचं मत विचारलं नाही. आणि मत न विचारलेला इंजिनिअर हा फार दुःखी प्राणी असतो.

डेल हायस्कुलात मुलांना वेल्डिंग शिकवायचा. रिटायर झाल्यावर तो फ्रिस्कोपासून दोन तासांवरच्या एका तळ्याकाठी राहायला गेला. बायको गेल्यापासून घरात तो आणि बिस्किट नावाचा तेरा वर्षांचा पिवळा लॅब्राडॉर, दोघंच. हिवाळ्यात दोघं बदकांच्या शिकारीला जायचे, एका हिरव्या, पोचे आलेल्या, सपाट तळाच्या होडीतून. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात शेवटचं गोड खाताना डेल सहज म्हणाला, "होडी फार सुस्त झालीय. पलीकडच्या पाणकणसांच्या गवतात मी पोचेपर्यंत चांगली जागा दुसऱ्याच कुणीतरी धरलेली असते."

प्रतापरावांच्या हातातला काटा थांबला. "किती वेग आहे?"

"कोण मोजतंय? सोळा मैल असेल."

"मी मोजतो," प्रतापराव म्हणाले. "वीसच्या वर नेऊन देतो."

"डॅड, प्लीज," अथर्व म्हणाला. "डोन्ट टच हिज बोट."

डेलने मात्र पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "बघ जमलं तर," म्हणाला. प्रतापरावांना तेवढं पुरलं.

घरी उत्तराताईंनी विचारलं, "अहो, ती बदकं मारायची होडी ना? आणि तुम्ही तर डासाला बॅट मारतानासुद्धा सॉरी म्हणता."

"मी फक्त होडीचं बघणार. गोळी सुटेल तेव्हा मी कानांत बोटं घालीन, डोळे मिटीन."

"म्हणजे तिथेही घरच्यासारखेच वागणार."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी प्रतापराव टूलबॉक्स घेऊन हजर झाले. डेलला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. "चार वाजेपर्यंत येतो. उद्या पहाटे आपण निघू," म्हणून तो गेला. बिस्किट होडी पाण्यात सोडायच्या उतारावर बसून राहिला, कारण त्याचे मागचे पाय हल्ली धरायचे.

पुढचे दोन तास हे प्रतापरावांच्या निवृत्त आयुष्यातले सर्वोत्तम दोन तास होते. सोळा मैल. मग मागच्या टोकाला असलेली बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवली, तेव्हा होडीचं नाक खाली बसलं: साडेसतरा. मोटर एक इंच वर उचलून लाकडी पट्टी घातली: साडेअठरा. होडीतून दोन फालतू साखळ्या, एक गंजका नांगर आणि कुठल्या तरी काळातलं सँडविच काढलं: एकोणीस.

एकोणीस म्हणजे वीस नव्हे. फ्रिस्कोच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी "वीस प्लस" असं आधीच टाकून ठेवलं होतं.

मग त्यांना ती दिसली. होडीच्या मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, चार बोल्टनी बसवलेली ॲल्युमिनियमची रुंद, बुटकी शिडी. अर्धी पाण्याबाहेर, अर्धी पाण्यात, जाताना पाणी नांगरत येणारी. पोहायला उतरणाऱ्यांसाठी असणार, प्रतापरावांनी ठरवलं. जानेवारीत कोण पोहतंय? डेलला फोन करून विचारता आलं असतं. पण इंजिनिअर विचारत नाही, मोजतो. त्यांनी शिडी काढली, उरलेल्या चार भोकांत सिलिकोन भरलं, बोटाने सुरेख गुळगुळीत केलं, ते वाळेपर्यंत डेलची कॉफी प्यायले आणि होडी पाण्यात सोडली.

एकवीस!

शिडी त्यांनी स्वतःच्या गाडीच्या डिकीत योगा मॅटखाली लपवली. उद्या वेग बघून डेल थक्क झाला, की मग बाहेर काढून गुपित सांगायचं, असा बेत. बिस्किट डिकीपर्यंत लंगडत आला, मॅट हुंगली आणि एकदा भुंकला. "तुलासुद्धा आवडलं ना?" प्रतापराव त्याला म्हणाले.

पहाटे अंधारात तिघं निघाले. डेलने मोटरचा कान पिळला आणि होडी अशी सुटली, की त्याच्या तोंडातून एक शीळ निघाली. "प्रटॅप! तू काय केलंस हिला?"

"थोडंसं गणित," प्रतापराव म्हणाले. तीन वर्षांचा मान थंड वाऱ्यासारखा तोंडावर येत होता. पाणकणसांतली सगळ्यात चांगली जागा मोकळी होती. डेलने त्यांच्या पाठीवर थाप मारली. वरपित्याला आणखी काय हवं?

उजाडलं. बदकं आली. प्रतापरावांनी कबूल केल्याप्रमाणे कानांत बोटं घातली, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बिस्किटने पाण्यात उडी घेतली होती. ते म्हातारं कुत्रं पाण्यात पडताक्षणी दहा वर्षांनी तरुण झालं. गेलं, बदक तोंडात धरलं, वळलं आणि सरळ होडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी आलं. पुढचे पंजे वर टाकले.

पंज्यांखाली काही नव्हतं.

बिस्किट खाली गेला, वर आला. एक गोल चक्कर मारून पुन्हा त्याच कोपऱ्यात आला. पुन्हा पंजे. त्याला वाटलं असावं, आपलंच काहीतरी चुकतंय. तोंडातलं बदक त्याने सोडलं नव्हतं. तिसऱ्या चकरेला त्याचं मागचं अंग पाण्याखाली राहायला लागलं.

"शिडी!" डेल ओरडला. "शिडी कुठे गेली?"

आणि प्रतापराव निमकर, वय सदुसष्ट, म्हणाले, "पडली असेल."

मग ते मदतीला त्याच कडेला धावले. होडी एवढी कलली, की पाणी आत आलं. "बस!" डेल गरजला. "पलीकडे बस आणि हलू नकोस!" प्रतापराव पलीकडे बसले. काल दुपारभर त्यांनी होडीतलं एकेक किलो वजन हटवलं होतं. आता त्यांचा स्वतःचा उपयोग तेवढाच उरला होता: वजन. डेलने पोटावर आडवं होऊन, एका हाताने पट्टा आणि दुसऱ्याने मागचा पाय धरून, सत्तर पौंडांचं ओलं कुत्रं इंच इंच वर ओढलं. प्रतापराव त्याची लाल झालेली मान बघत जागच्या जागी बसून राहिले.

बिस्किट आत आला. थरथरत उभा राहिला. डेलला धाप लागली होती, म्हणून की काय, बिस्किट चार पावलं पलीकडे गेला आणि त्याने तोंडातलं बदक प्रतापरावांच्या मांडीवर ठेवलं. अगदी अलगद. प्रतापरावांनी ते धरून ठेवलं.

डेलने आपलं जाकीट काढून कुत्र्याला गुंडाळलं. "सॉरी, बडी," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "मी बोल्ट नीट कसले नव्हते. चूक माझीच."

घरी येताना डेलने होडी इतकी सावकाश चालवली, की सोळा मैलांचीसुद्धा गरज पडली नसती. एवढ्या वेळात माणसाला चार वाक्यं सहज बोलता येतात. प्रतापरावांनी ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडून जुळवली आणि दोन्हीकडून गिळली.

उताराशी ट्रेलर उभा होता. डेलने होडी वर ओढायचा विंच फिरवायला घेतला. होडी पाण्यातून वर सरकली, मागची बाजू बाहेर आली आणि तिच्यावर सकाळचं ऊन पडलं. चार पांढरे ठिपके. सुबक, गोल, एका मापाचे.

डेल वाकला. एका ठिपक्यावरून त्याने अंगठा फिरवला, जन्मभर पोरांची कामं तपासत आला तसा.

"काम स्वच्छ झालंय," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्रतापरावांना बरं वाटलं असतं.

"शिडी माझ्या गाडीत आहे," ते म्हणाले. "मी काढली. वेगासाठी. आणि मघाशी खोटं बोललो. मला वाटलं, ती पोहणाऱ्यांसाठी असेल."

"पोहणाऱ्यासाठीच होती," डेल म्हणाला. "गेल्या वर्षी त्याचे पाय गेले, तेव्हा बनवली." जरा थांबून म्हणाला, "विचारायचंस, प्रटॅप."

एवढंच. प्रतापराव डिकीकडे चालत गेले. योगा मॅट बाजूला करून त्यांनी शिडी आणि बोल्ट आणले. भोकांतलं सिलिकोन त्यांनी स्वतः कोरून काढलं. चार बोल्ट डेलने एकेक करून त्यांच्या हातात दिले, आणि त्यांनी कसून झाल्यावर प्रत्येक बोल्ट डेलने पुन्हा एकदा स्वतः पान्हा लावून बघितला. आधीच्या तिन्ही वर्षांत डेलने त्यांचं कुठलंही काम तपासलं नव्हतं.

घरी उत्तराताईंनी विचारलं, "झाले का वीस प्लस?" प्रतापरावांनी सगळं सांगितलं. थट्टा होईल म्हणून ते वाट बघत होते. उत्तराताई म्हणाल्या, "कुत्रा बरा आहे ना?" आणि त्यांनी आमटी वाढली.

डेलने पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा बोलावलं, आणि ते गेलेही. होडी आता एकोणीसने जाते आणि जागा कधी मिळते, कधी नाही. डेल पूर्वीसारखाच बोलतो, पूर्वीसारखाच खायला घालतो. बदक पडलं, की बिस्किट मात्र लगेच उडी मारत नाही. आधी मागच्या डाव्या कोपऱ्यात जातो, वाकून शिडी बघतो, मग वळून प्रतापरावांकडे बघतो, आणि त्यानंतरच पाण्यात उतरतो.

प्रतापराव त्या वेळी कानांतली बोटं काढतात आणि दोन्ही हात त्याला दिसतील असे गुडघ्यांवर ठेवतात.