मंगेशच्या गालावरचा डाग

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. 'फोटोत मागं कोणीतरी दिसलं हो' असं सांगत कोणी आलं, की मी पहिलं विचारायची, लेन्स पुसली होती का? सोळा वर्षं झाली मला या धंद्यात. फोटोत काय दिसतं आणि का दिसतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही... असं वाटायचं. आणि आता हे लिहिताना भीती म्हणाल तर अजिबात नाही, उलट नाचावंसं वाटतंय!

माझा स्टुडिओ संग्रामपूरला, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खालून फवारणीच्या औषधांचा वास येत असतो, गिऱ्हाईक नाक धरूनच जिना चढतं. लहान पोरं, पासपोर्ट, लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो, सगळं करते. बायोडाट्याच्या फोटोला आमच्याकडं 'टचिंग' ठरलेलंच. पुटकुळ्या काढायच्या, रंग दोन घरं उजळ करायचा. सगळेच मागतात, आम्ही सगळेच करतो.

गेल्या जानेवारीत, दुपारी दोनच्या सुमारास, आमच्या गावचीच, शेगावला दिलेली सुनीता तिच्या धाकट्या भावाला, मंगेशला, अक्षरशः हाताला धरून वर घेऊन आली. वय एकोणतीस. घरची वांगी-टमाट्याची शेती, पोरगा मेहनती. नवा शर्ट, पाकिटातल्या घड्या तशाच. आणि डाव्या गालावर, कानापासून पार जबड्यापर्यंत, भाजल्याचा डाग. चार वर्षांचा असताना कोणाच्यातरी लग्नाच्या पंगतीत गरम वरणाची बादली कलंडली होती म्हणे.

"ताई, सुलतानपूरचं स्थळ आहे, तिकडं लोणारकडलं," सुनीता म्हणाली. "आजच्या आज फोटो पाठवा लागते. तुमीच डायरेक्ट त्यायच्या नंबरवर टाका. अन् तेवढं गालाचं... पाहाल ना जरा?"

मी म्हटलं, त्यात काय, माझं रोजचंच काम आहे.

पण बाई गं, मॉडेल! आधार कार्डच्या लायनीत उभं केल्यासारखा बसला होता स्टुलावर. मान उजवीकडं वळवलेली, हात मांडीखाली. डावा गाल काही कॅमेऱ्याला दाखवायचा नाही. सरळ बस म्हटलं की बसायचा, मी बटणावर बोट ठेवलं की मान परत उजवीकडं. जीभ टाळूला लाव म्हटलं, लावली. तर चेहरा अजूनच ताठ. क्रिकेटचा विषय काढला. "हाव." वांग्याला भाव काय म्हटलं. "आहे बरा." सुनीता माझ्या मागं उभी राहून तोंडं वेडीवाकडी करत होती, त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही.

दीड तास झाला. एकशे चाळीस फोटो, एकही कामाचा नाही. माझं डोकं सटकलं.

"मंगेश, मी इन्शुरन्ससाठी म्हशींचे फोटो काढले बाप्पा! त्या तरी कॅमेऱ्याकडं पाहातात. तुले लग्न करायचं आहे की नाही?"

सुनीता फिस्सकन हसली. तो नाही. तो पहिल्यांदा एक आख्खं वाक्य बोलला. "ताई, फोटो पाहून होकार येते, मले पाहून नकार येते. तीन वेळा झालं. काऊन काढून राह्यले तुमी फोटो? हे शेवटचं. याच्यानंतर मी कोनाच्या घरी जानार नाही, सांगून ठेवतो."

लाज वाटली, खरं सांगते. म्हटलं थांब, पाणी आणते, मग शेवटचे दहा काढू.

आता नीट वाचा. कॅमेरा ट्रायपॉडवर होता. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, माठापाशी, दोन्ही हातांत दोन पेले. सुनीता दारापाशी, भावाकडंच बघत उभी. आणि कॅमेऱ्यानं फोटो काढला! खटॅक! फ्लॅशसुद्धा चमकला. एकदाच.

टायमर? बंद होता, लगेच पाहिलं. रिमोट? माझ्याकडं कधी नव्हताच.

स्क्रीनवर पाहिलं आणि अव माय... मंगेश सरळ कॅमेऱ्याकडं बघतोय, डावा गाल पूर्ण उजेडात, आणि हसतोय! कसंनुसं नाही हो, पार दाढा दिसेपर्यंत, डोळे बारीक होईपर्यंत. सोळा वर्षांत असा फोटो मी काढलेला नाही. मी तर ओरडलेच आनंदानं.

"हसला कधी तू?"

"मी नाई हसलो."

सुनीता शपथेवर सांगायला लागली, "ताई, मी त्याच्याकडंच पाहून राह्यली होती. तोंड पाडूनच बसला होता हा."

फोटोत मात्र तोच, तोच शर्ट, त्याच घड्या. असेल काहीतरी म्हणत मी कॉम्प्युटरवर बसले. डाग काढला. अगदी सफाईनं, गाल गुळगुळीत, रंगही थोडा उजळ. फोनवर घेतला आणि पाच वाजून बारा मिनिटांनी सुलतानपूरच्या नंबरवर पाठवला. सुनीता शेजारीच होती, तिनं पाहिलं. दोन दिवसांत निरोप आला, या म्हणून.

सुनीतानं मलाही गाडीत बसवलं. मुलीच्या घरी बैठकीत गेल्या गेल्या मंगेशनं भिंतीकडची खुर्ची धरली, डावा गाल भिंतीला. मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणे, तिकडं अंधार हाय. हितं उजेडात बसा की."

सुनीतानं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. मंगेश उठला, उजेडात बसला. मान खाली. वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं, मग हातातल्या फोनकडं, मग परत त्याच्याकडं.

"हाव," ते म्हणाले, "फोटोतला पोरगाच हाय हा. मागं एक आला व्हता, फोटो येगळा अन् मानूस येगळा. आमी उठवूनच लावला त्याला."

फोटोतला पोरगाच?! मी न राहवून फोन मागितला. फोटो तोच, हसरा. माझ्याच नंबरवरून आलेला. पाच बारा. आणि गालावर डाग... कानापासून जबड्यापर्यंत, जसाच्या तसा! मी माझा फोन काढून शेजारी धरला. तोच मेसेज, तीच वेळ, गाल गुळगुळीत. सुनीतानं दोन्ही फोन हातात घेऊन आलटून पालटून पाहिले.

तेवढ्यात अश्विनी, म्हणजे मुलगी, चहा घेऊन आली. कप पुढं करत तिनं सरळ त्यालाच विचारलं, "फोटोत कोनाला पाहून एवढं हसले तुमी?"

मंगेशनं मान वर केली. "मले नाही माहीत," तो म्हणाला, "मी तं हसलोच नव्हतो." ती खुदकन हसली, आणि मग तोही हसला. पार दाढा दिसेपर्यंत! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं हो.

पुढच्या महिन्यात लग्न आहे.

कॅमेरा दोन ठिकाणी दाखवला, काहीही बिघाड नाही. मोबाईलवाल्याला विचारलं, तो म्हणतो चुकून ओरिजिनल गेला असेल. अरे, ओरिजिनल माझ्या फोनमध्ये घेतलाच नव्हता! आणि घेतला असता, तरी माझ्या फोनवर पाठवलेला म्हणून गुळगुळीत कसा दिसतो? एआय-एआय म्हणणाऱ्यांनी खाली जरूर लिहा, मी वाचीन. मला पटेल असं मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सुलतानपूरहून परत येताना गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "मंगेश, माफ कर. मी तुझा डाग काढूनच पाठवला होता."

"मले माहीत होतं ताई. सगळेच काढतात," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "मंग त्यायले माह्या फोटो कोनं पाठवला?"