वडमाळची माणसं कुठे जातात

ज्योत्स्ना भोये पेठ तालुक्यातल्या वडमाळ पाड्यावर चौदा वर्षं अंगणवाडी चालवते. छत्तिसाव्या वर्षी तिने बीए पूर्ण करायचं ठरवलं आणि विषय घेतला भूगोल. घरात सगळ्यांनी विचारलं, "भूगोलच का?" तिला नकाशे आवडायचे, एवढंच.

दर रविवारी पहाटेची एसटी धरून ती नाशिकला वर्गाला जायची. वर्गात बहुतेक पोरं विशीतली. शिकवणारे कापडणीस सर तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होते, पण तिला ताई म्हणायचे. एका रविवारी त्यांनी स्थलांतर शिकवलं. राहण्याची जागा कायमची किंवा बऱ्याच काळासाठी बदलणं, अशी व्याख्या फळ्यावर लिहिली.

ज्योत्स्नाने हात वर केला. "सर, आमची माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागेत जातात. मार्चअखेर परत येतात. पावसाळ्यात भात लावतात, पुन्हा जातात. ती ह्यात धरायची का?"

सरांनी फळ्यावरची व्याख्या पुन्हा वाचली. "ह्या व्याख्येत नीट बसत नाहीत."

"मग ती कुठे बसतात?"

"तुम्हीच मोजा, ताई. तुमचा प्रकल्प हाच करा."

त्या वर्षी दिवाळी झाली, भात झोडून झाला आणि आठ दिवसांत पाडा रिकामा झाला. ज्योत्स्ना वही घेऊन फिरली. चौसष्ट घरांपैकी एक्केचाळीस घरांना कडी होती. अंगणवाडीच्या पटावर एकतीस मुलं, समोर बसलेली नऊ. इतकी वर्षं ती उरलेल्यांपुढे 'गैरहजर' लिहीत आली होती. त्या दिवशी तिने तो शब्द लिहिला नाही. लेकरं गैरहजर नव्हती, दुसरीकडे हजर होती.

नोव्हेंबरच्या शेवटी ती आईला घेऊन निघाली. आई, पुतळाबाई, साठी ओलांडलेली. तिने स्वतः तीस हंगाम बागांत काढले होते, त्यामुळे मजुरांची कुठली टोळी कुठल्या बागेत असते हे तिला तोंडपाठ होतं. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी बदलून दोघी पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका गावात उतरल्या. ज्योत्स्नाच्या पिशवीत छापील प्रश्नावली होती आणि अंगणवाडीतला वजनकाटा.

पहिल्या बागेत कोणी बोलेनाच. ओळखीच्याच बाया, पण कागद पाहून गप्प झाल्या. "स्थलांतराचं कारण?" ज्योत्स्नाने विचारलं. सुलाबाई नावाच्या तिच्याच शेजारणीने मान फिरवली. "रेशनकार्डातून नाव काढशील आमचं."

पुतळाबाईने लेकीच्या हातातला कागद घेतला, घडी घालून कमरेला खोचला आणि वेलीखाली बसकण मारली.

"कवा आलीस गं जगायला?" कामासाठी बाहेर जाण्याला पाड्यावर 'जगायला जाणं' म्हणतात.

"दिवाळी सरल्यावर चौथ्या दिशी."

"लेकरू कुठं हाय?"

सुलाबाईने बोट दाखवलं. ओळीच्या टोकाला मांडवाच्या खांबाला साडीची झोळी होती. दोन वर्षांची पोर झोळीबाहेर मातीत बसली होती, कमरेला साडीचा पदर बांधलेला, दुसरं टोक खांबाला. चार ओळी पलीकडे फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता. ज्योत्स्नाने पोर उचलली. पटावरचं सतरावं नाव. काट्याला टांगली तर दिवाळीआधीपेक्षा आठशे ग्रॅम कमी भरली.

वर्ग बुडवून चार रविवार दोघी बागा फिरल्या. वडमाळची बावीसच्या बावीस मुलं सापडली, पण सगळ्यात जास्त, चौदा, त्याच गावात होती. बावीसपैकी बारा मुलांचं वजन घटलं होतं.

त्या गावातली मोठी बाग पुंजाराम तात्यांची. मुलांना दिवसभर सांभाळायला ज्योत्स्नाने त्यांच्याकडे द्राक्षांच्या पॅकिंगची शेड मागितली. माल निघेपर्यंत ती रिकामीच असायची.

"आज शेड, उद्या आणखी काही," तात्या म्हणाले. "मी मजुरी वेळेवर देतो, बाई. बाकीचं माझ्याकडं नाय."

ज्योत्स्नाने वाद घातला नाही. तिने हाताने काढलेला त्या गावाचा नकाशा ओट्यावर पसरला. प्रत्येक बागेत लाल टिंबं होती, एका टिंबाला डोंगरावरून आलेली पाच माणसं.

"ही सगळी आमच्या गावात?" तात्या चष्मा लावून मोजू लागले. टिंबांना पाचाने गुणलं. "म्हणजे थंडीत गावातला दर चौथा माणूस तिकडचा. आन् आम्हाला त्याचं नाव म्हायती नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड झाडून दिली.

खाऊचा प्रश्न होता. तिथल्या अंगणवाडीच्या सुवर्णाताई आधी वैतागल्या. "माझ्या पटावर नसलेल्या मुलांना मी काय घालू?" ज्योत्स्नाने चौदा मुलांची नावं, जन्मतारखा, वजनं, लसी असं सगळं लिहून त्यांच्या हाती दिलं आणि दोघींनी मिळून कार्यालयात अर्ज केला. मंजुरीला तीन आठवडे लागले. तोवर सुवर्णाताईंनी स्वतःच्या घरून खिचडी आणली.

मुलं मात्र सुवर्णाताईंशी बोलत नव्हती. मग पुतळाबाई तिथेच राहिली. ती त्यांच्या बोलीत वाघाच्या, नदीच्या गोष्टी सांगायची आणि पोरं तिच्या मांडीवर झोपायची. जानेवारीत माल सुरू झाला, शेड सोडावी लागली. सगळा पसारा देवळाच्या सभामंडपात गेला. तिथे गार वारा लागायचा, दोन मुलं आजारी पडली, बरी झाली. हंगाम संपताना चौदापैकी अकरा मुलांचं वजन वाढलेलं होतं.

प्रकल्पाचं नाव ज्योत्स्नाने 'जगायला जाणे' ठेवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, "स्थलांतर हा शब्द का टाळलात?"

"एकशे सहा माणसांना विचारलं, मॅडम. तो शब्द एकानेही वापरला नाही. आणि बोहाडा, आमचा मुखवट्यांचा सण, त्याची तारीखसुद्धा माणसं परतल्यावर ठरते. ज्यांच्यासाठी गाव आपला सण थांबवतं, ती गाव सोडून गेली असं मला लिहिता येईना."

बाईंनी वहीतला नकाशा जवळ ओढून घेतला.

आता ज्योत्स्ना एमए करते. टोळ्या निघण्याआधीच मुलांची यादी सुवर्णाताईंच्या फोनवर पोचते, आणि शेजारच्या दोन पाड्यांच्या सेविकाही तसंच करू लागल्या आहेत.

गेल्या चैत्रात वडमाळला बोहाडा होता. संध्याकाळी घाट चढून एक पिकअप आली. पुढे तात्या, मागे त्यांची नात दिशा आणि सुवर्णाताई. इतक्या वर्षांत बागेकडून डोंगरावर कोणी आलं नव्हतं. मुखवटे घालून सोंगं नाचायला लागली, तशी दिशा घाबरून शेजारी बसलेल्या पुतळाबाईला बिलगली.

तात्यांनी सुलाबाईला ओळखलं, नावाने हाक मारली आणि विचारलं, "तुमचं घर कोणतं?"

सुलाबाईने पदर सावरला. "चला, दावते. आधी चहा घ्या."