उन्हाळ्यापुरते शेजारी

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कासलबारचं घर सोडायला पद्मिनी मुळात तयारच नव्हती. तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. भाजी आणायला गेली तरी कुणीतरी थांबवायचं आणि माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तुम्हीच होतात, असं सांगायचं. आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये गाण्याचा सराव असायचा. ती गाणी कुणाच्या का देवाची असेनात, पद्मिनी मनापासून गायची. पावसाचं तिला काही वाटत नव्हतं. मेयोसारख्या पावसाळी परगण्यात राहायचं आणि पावसाबद्दल कुरकुर करायची, तर मग बोलण्याला दुसरा विषयच उरायचा नाही.

तिच्या नवऱ्याचं, गिरीशचं तसं नव्हतं. तो मानसोपचारतज्ज्ञ. दिवसभर लोकांचे अंधार ऐकायचा आणि नोव्हेंबर लागला की स्वतःच मिटायला लागायचा. जेवताना बोलायचा नाही, पेपर उघडा धरून खिडकीबाहेर बघत बसायचा. मार्चमध्ये हळूहळू माणसात यायचा. रिटायर झाल्यावर त्याने एकच धोशा लावला, की वेक्सफर्डला समुद्रकाठी जाऊया. या देशात त्यातल्या त्यात ऊन पडतं ते त्याच कोपऱ्यात. तिथे घरांसमोर ताडासारखी झाडं वाढतात, जूनमध्ये रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टपऱ्या लागतात आणि पेन्शनीतली माणसं दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. पद्मिनी नाही म्हणाली. मग पुन्हा नाही म्हणाली.

तिसऱ्यांदा हो म्हणाली ती चित्रामुळे.

चित्रा आणि ती मिरजेच्या हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणी. एका खोलीत राहिल्या, एकाच वर्षी लग्नं झाली, वर्षभराच्या अंतराने दोघी आयर्लंडला आल्या. कासलबारमध्ये मराठी बोलणारी घरं दोनच, एक पद्मिनीचं आणि दुसरं चित्रा आणि तिचा नवरा शिरीष यांचं. गणपती एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. पद्मिनीची ईशानी जन्मली तेव्हा बाळंतपणाचं सगळं चित्रानेच केलं, डिंकाच्या लाडवांपासून. ती चित्रा एका संध्याकाळी येऊन म्हणाली की आम्हीही वेक्सफर्डलाच घर घेतोय, आणि शेजारचं घर अजून रिकामं आहे. चौघं मिळून म्हातारे होऊ, असं ती म्हणाली. पद्मिनीला ते चित्र दिसलं आणि तिने घर विकायला काढलं.

किलरोवन गावापासून जरा बाजूला, वाळूच्या टेकड्यांमागे ती वीसेक घरांची वसाहत होती. मे महिन्यात ते राहायला गेले तेव्हा सगळ्या घरांत माणसं होती. बहुतेक डब्लिनची. मुलं सायकली उडवत फिरत होती, कुत्री वाळूत लोळत होती, दर शनिवारी कुणाच्या तरी अंगणात शेगडी पेटत होती. चित्रा रोज सकाळी चहाचा मग हातात घेऊनच मागच्या दाराने यायची. सप्टेंबरात एकेक खिडकी बंद होत गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चित्रा म्हणाली, शिरीषची पाठ धरलीय, थंडीचे दोन महिने आम्ही स्पेनला जाऊन येतो, अॅलिकान्तेजवळ एक फ्लॅट मिळतोय. ते दोन महिने एप्रिलमध्ये संपले.

पुढच्या वर्षीही तेच झालं. पद्मिनीने त्याचं फार मनावर घेतलं नाही. ती आठवड्यातून दोनदा चित्राच्या घरी जायची, खिडक्या उघडायची, थोडा वेळ हीटर लावायची, कुबट वास येऊ नये म्हणून कपाटांची दारं उघडी टाकायची. गिरीश खुशीत होता, आणि तिला तेवढं पुरत होतं. डिसेंबरातही तो जेवताना बोलत होता.

त्या वसंतात गिरीश गेला. किनाऱ्यावर फिरून आला, बूट काढायला पायरीवर बसला आणि उठलाच नाही. ईशानी डब्लिनहून आली, चित्रा-शिरीष स्पेनहून आले. त्याच किनाऱ्यावर त्याची रक्षा सोडली. चित्राने पद्मिनीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता तुला मी एकटं सोडणार नाही." त्या वर्षी ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहिली, मग गेली.

ईशानी डब्लिनमधल्या ब्युमॉन्टला राहायची. तिने आईला आपल्याकडे ये म्हणून पुष्कळ आग्रह केला. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती इंग्रजीतच. पद्मिनी म्हणायची, मी इथे बरी आहे. आणि ती खरंच बरी होती. रिकाम्या घरांच्या रांगेत संध्याकाळी एकट्या आपल्याच खिडकीत दिवा लागतो, याची तिला सवय झाली होती. पलीकडच्या शेतातला नोएल नावाचा शेतकरी जाता येता हात करायचा, कधी दारात बटाट्यांची पिशवी ठेवून जायचा. आणि मनातल्या मनात ती गिरीशशी बोलायची. आज समुद्र कसा होता, नोएलच्या गाईला काय झालं, कालच्या आमटीत मीठ जास्त पडलं, असलं सगळं.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात वसाहतीची वार्षिक सभा ऑनलाइन झाली. वसाहतीला पाणी यायचं ते स्वतःच्या विहिरीतून, पंपाने. आदल्या हिवाळ्यात दोन-तीन बंद घरांत पाइप फुटून नुकसान झालं होतं. म्हणून समितीने ठराव मांडला की नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पंप बंद ठेवायचा. बारा महिने तिथे राहणारी एकटी पद्मिनी होती. समितीचे अध्यक्ष फार सौजन्याने म्हणाले की डॉक्टरांची अडचण आम्हाला समजते, पण मुळात ही सुट्टीतली घरं आहेत.

पद्मिनीने आदल्या आठवड्यातच चित्राला फोन केला होता. चित्रा म्हणाली होती, "अगं, हे काय विचारणं झालं? आमचं मत तुझंच." इतरही काही घरांनी तिला शब्द दिला होता. तिने मोजून पाहिलं होतं, काठावर का होईना, ठराव पडणार होता.

ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. स्क्रीनवरच्या छोट्या चौकटींत हात वर होऊ लागले. एका चौकटीत शिरीष बसला होता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मागे पांढरीशुभ्र बाल्कनी आणि ऊन. त्याने पद्मिनीच्या चौकटीकडे पाहिलं की नाही, कोण जाणे. त्याने हात वर केला.

ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने पास झाला.

तिने लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चित्राचा मेसेज आला की पाहुणे आहेत, नंतर बोलू. ते नंतर काही आलं नाही. दिवाळीला नेहमीसारखा दिव्यांचा फोटो आला, खाली चार ओळींच्या शुभेच्छा. पद्मिनीने तो पाहिला आणि फोन उपडा ठेवला.

नोव्हेंबरात नळ कोरडे झाले. ईशानीने वकील गाठायचा म्हटलं, नाहीतर सरळ बॅग भर आणि ये. पद्मिनीने दोन्ही केलं नाही. ती नोएलच्या अंगणातल्या नळावरून गाडीच्या डिकीत कॅन भरून आणू लागली. कधी नोएल ट्रॅक्टरवरून पिंप आणून दाराशी ठेवायचा. आंघोळीला ती गावातल्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर जायची. सदुसष्टाव्या वर्षी टॉवेल घेऊन पार्किंगमधून चालताना तिला कुणाचीच लाज वाटली नाही. फक्त कधी कधी कॅन उचलताना तो वर झालेला हात डोळ्यांसमोर यायचा आणि ती कॅन पुन्हा खाली ठेवायची.

जानेवारीत मोठं वादळ आलं. चित्राच्या छपराची कौलं उडाली आणि वरच्या खोलीचं छत गळू लागलं. वादळाची बातमी ऐकून शिरीषचा फोन आला. पंपाचा विषय त्याने काढला नाही, जरा जाऊन बघशील का, एवढंच म्हणाला. पद्मिनी गेली. बादल्या लावल्या, गाद्या ओढून कोरड्या कोपऱ्यात नेल्या, फोटो काढून पाठवले. का गेली, ते तिला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांची सवय पायांत होती.

आठ दिवसांनी छपराच्या कामासाठी चित्रा एकटीच आली. तिच्या घरात पाणी नव्हतं, वरची खोली ओली होती. ती बॅग घेऊन पद्मिनीच्या दारात उभी राहिली आणि पद्मिनीने तिला आत घेतलं.

संध्याकाळी पद्मिनीने खिचडी टाकली. चित्रा हात धुवायला उठली, नळ फिरवला, आणि मग ओट्यावरचा कॅन तिला दिसला. ती तिथेच उभी राहिली. पद्मिनीने तांब्याने तिच्या हातांवर पाणी घातलं.

"तू कुठून आणतेस हे?" चित्राने विचारलं.

"नोएलकडून."

चित्रा खुर्चीत बसली. मग तिने बोलायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. शिरीषला वाटलं होतं, पाणी बंद झालं की तू आपोआप ईशानीकडे जाशील. तुझ्यासाठीच ते बरं होतं. इथे एकटीला काही झालं असतं तर आम्हाला केवढी टोचणी लागली असती. मी त्याला म्हटलं होतं, की तिला आधी सांग. तो म्हणाला, सांगितलं तर ती हट्टाने राहील.

"तू मला शब्द दिला होतास," पद्मिनी म्हणाली.

"दिला होता."

"तुम्ही इथे राहायला येणार होतात. त्या भरवशावर मी कासलबार सोडलं."

"आम्ही इथे कायमचं राहणार नव्हतोच, पद्मिनी," चित्रा म्हणाली. "स्पेनचा फ्लॅट इथल्या आधीचा आहे. वर्षभर आधीचा. हे घर उन्हाळ्यासाठीच घेतलं."

पद्मिनीला वाटलं, आता आणखी काही ऐकायचं राहिलं नाही. पण चित्राला बहुधा मन मोकळं करूनच जायचं होतं.

"गिरीशला माहीत होतं," ती म्हणाली. "शिरीषने त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, पद्मिनीला कळू देऊ नका. कळलं तर ती हलायची नाही, आणि मी अजून एक हिवाळा तिथे काढू शकणार नाही. आम्ही त्याच्यासाठी गप्प राहिलो गं."

पद्मिनी उठली. खिचडी खाली लागत होती, तिने गॅस बंद केला. मग दोघी जेवल्या, कारण अन्न शिजलेलं होतं. चित्रा रडत होती. पद्मिनीने तिला पाणी दिलं, आपल्या वरच्या खोलीत अंथरूण घालून दिलं आणि दार लोटून घेतलं.

छपराचं काम होईपर्यंत चित्रा राहिली. जाताना तिने मिठी मारली, आणि पद्मिनीने ती मारू दिली.

ती गेल्यानंतर पद्मिनीच्या ध्यानात आलं की आपण गिरीशशी बोलत नाही आहोत. समुद्र तसाच होता, नोएलची गाय व्यायली होती, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण बोलायला गेलं की आधी एकच प्रश्न तोंडाशी यायचा, आणि ज्याला विचारायचा तो पाण्यात विरघळून गेला होता. शिरीषवर राग काढता येत होता. चित्राशी अबोला धरता येत होता. गिरीशचं काय करायचं? तो डिसेंबरात हसत जेवत होता, ते खरं होतं. रोज संध्याकाळी चित्रा एप्रिलमध्ये येईल गं, असं म्हणून तिची समजूत काढत होता, तेही खरं होतं. त्याने साधं सांगितलं असतं, की पद्मा, मला तिथे जगवत नाही, तर ती आली नसती का? तिला वाटायचं, आले असते. मग वाटायचं, दोनदा तर नाही म्हटलंच होतं. या दोन्हींच्या मध्ये ती कितीतरी दिवस फेऱ्या घालत राहिली.

एप्रिलमध्ये पंप सुरू झाला, मे महिन्यात सायकली आल्या. पद्मिनीने घर विकायला काढलं. डब्लिनच्या एका कुटुंबाने ते उन्हाळ्यासाठी घेतलं. चित्रा-शिरीष त्या वर्षी उशिरा, जूनच्या शेवटी आले तेव्हा शेजारच्या अंगणात अनोळखी मुलं खेळत होती. चित्राने फोन केला आणि म्हणाली, "मला न सांगता गेलीस?" पद्मिनी म्हणाली, हो.

वेक्सफर्ड सोडण्याआधी ती नोएलकडे जाऊन आली होती. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता. टोपी काढून म्हणाला की हिवाळ्यात तुमचा दिवा दिसायचा, बरं वाटायचं.

ती कासलबारला परतली. जुनं घर आता दुसऱ्यांचं होतं, त्यांनी मागचं अंगण फरशी घालून टाकलं होतं. तिने गावातच दोन खोल्यांचं छोटं घर भाड्याने घेतलं. गाण्याच्या सरावाला गेली तर निम्मे चेहरे नवे होते आणि तिच्या जागी दुसरीच बाई बसत होती. ती मागच्या रांगेत उभी राहिली. एका पेशंटने तिला दुकानात ओळखलं, दुसऱ्याने ओळखलं नाही. पाऊस होताच.

हे सगळं ईशानीला तिने एका रविवारी सांगितलं, गिरीशचंसुद्धा. ईशानीने विचारलं, इंग्रजीतच, की बाबांच्या पुढच्या पुण्यतिथीला आपण किनाऱ्यावर जायचं ना?

"तू जा," पद्मिनी म्हणाली. "फुलं घेऊन जा. त्याला तिथेच राहायचं होतं."

"अँड यू?"

"मी यायची नाही. या खेपेला तरी नाही."

तिने उठून खिडकी लावली आणि दोघींसाठी चहाचं आधण ठेवलं.