उसना नायक आणि मेंदूतली घंटा

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाचा नायक तालमी रंगात आल्या की हमखास गायब होतो. माणूस चांगला असतो. बँक त्याची गुवाहाटीला बदली करते. यंदाही गणपती तोंडावर आले असताना तसंच झालं आणि दिग्दर्शिकेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला उभं केलं. मी गप्पांत वाघ, पण पाठांतराच्या नावानं बोंब. मी अडखळलो असतो तर तिनं बसवलेलं पहिलंच नाटक पडलं असतं.

वाक्यं डोक्यात राहीनात, म्हणून मी मुलीकडे तक्रार केली. ती इथल्याच एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करते.

"बाबा, पेशीवर ताण आला की ती आतल्या आत धोक्याची घंटा वाजवते आणि नवी प्रथिनं बनवणं कमी करते. आठवण पक्की व्हायला तीच प्रथिनं लागतात."

मला एवढं पुरलं! भाजीची पिशवी, गॅसचा सिलिंडर, डमडम विमानतळावरून मेहुण्याला आणणं, सगळं मी पेशींच्या नावानं नाकारलं. सोफ्यावर आडवा पडलो, उशाशी चहा. पेशी सुखात होत्या. संवाद मात्र एकही टिकेना.

तालमीत बायकोनं हात जोडले. "अहो, नायिकेला निदान ओळखा तरी!"

मग एकदा जेवताना मुलगी सहज बोलून गेली, की मेंदूतल्या काही मोजक्या पेशींत ही घंटा ताण नसतानाही वाजतच असते. उंदरांमध्ये ती बंद केली तर शिकण्यात गडबड होते.

"म्हणजे यांची बंद पडलीय," बायको म्हणाली.

"आई, ते उंदरांचं आहे! आणि घंटा म्हणजे तू ओरडायचं असं नाही."

"उंदीर गणपतीचाच ना? मग चालेल."

दुसऱ्या दिवसापासून माझी तालीम भर मेट्रोत. दांडीला लटकून मी मोठ्यानं संवाद म्हणायचे आणि चूक झाली की बायकोनं तिथल्या तिथे पुन्हा म्हणायला लावायचं. दुःखाच्या प्रसंगाला एका बंगाली मावशींनी उठून मला जागा दिली.

प्रयोगाला बायको संहिता घेऊन विंगेत उभी राहणार होती. पडदा उघडला, तर बाईसाहेब पहिल्या रांगेत, संहितेवरच बसलेल्या! मी तोंड उघडलं. आणि पहिलं वाक्य खणखणीत बाहेर पडलं. मग दुसरं. मग थांबतोय कसला! शेवटच्या प्रवेशात तर मी पदरचं एक वाक्यही घातलं. टाळ्या पडल्या.

"हे नाटकात नाहीये!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

त्याला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.